घरचा ससा काय सांगतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा भुंकून घर डोक्यावर घेतो, मांजर पायात घुटमळून हवं ते मिळवते. ससा यातलं काहीच करत नाही. म्हणून ज्यांच्या घरी ससा असतो त्यांच्याकडून पहिलं वाक्य ऐकू येतं ते हेच: "फार गरीब आहे हो, काही त्रास नाही त्याचा." आमच्याकडे बरीच वर्षं ससे आहेत आणि गरीब म्हणावा असा एकही निघाला नाही. प्रत्येकाला मतं होती, हट्ट होते, राग होता. फक्त ते सगळं कान, नाक, मागचे पाय आणि लेंड्या यांतून यायचं. नवे ससेवाले फोन करून जे विचारतात त्यातले नेहमीचे प्रश्न खाली आहेत.

ससा कोपऱ्यात शांत बसून असतो. म्हणजे खूश आहे ना?

बसण्या-बसण्यात फरक असतो. पुढचे पाय छातीखाली घेऊन लादीपावासारखा गोल बसलाय, कान सैल मागे टेकलेत, नाक सावकाश हलतंय, तर तो आरामात आहे. त्याहून निवांत असला की मागचे पाय एका बाजूला काढतो किंवा सरळ मागे ताणून लोळतो. आणि घरावर पूर्ण विश्वास बसला की उभ्या-उभ्या धाडकन कुशीवर कोसळतो. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. आमच्या शेजारच्या काकू "अगं बाई, गेला की काय!" म्हणत धावत आल्या होत्या. गेला नव्हता, झोपला होता. कोल्हा, मुंगूस, घार असे सगळेच ज्याला खातात, तो प्राणी तुमच्यासमोर पोट उघडं टाकून पडतो, याहून मोठी पावती तो देऊ शकत नाही.

आता दुसरं बसणं बघा. तेही शांतच आणि लांबून तेही लादीपावासारखंच. पण अंग आखडलेलं, पाठीला पोक किंवा पोट फरशीवर दाबलेलं, डोळे आवळलेले, गाल आत ओढल्यासारखे. मध्येच उठतो, दोन पावलं जाऊन पुन्हा तसाच बसतो. हे दुखणं आहे. २०१२ मध्ये संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी तयार केली. त्यात डोळे, गाल, नाकपुड्या, मिशा आणि कान अशा ५ जागा पाहतात. घरी एवढी मोजामोज करायची गरज नाही. कोथिंबिरीची काडी नाकाशी धरा. रोज हातातून हिसकावणारा ससा आज तोंड फिरवत असेल, तर शेवटाकडचा 'सकाळपासून खात नाही' हा प्रश्न आधी वाचा.

कान कसे वाचायचे?

ताठ आणि पुढे वळलेले कान म्हणजे लक्ष तिकडे आहे. एक पुढे, एक मागे म्हणजे दोन बातम्या एकदम ऐकणं चालू आहे. गोंधळ होतो तो मागे गेलेल्या कानांचा. सैल मागे, अंगही सैल, तर विश्रांती. पाठीला घट्ट चिकटलेले, शेपटी वर, मान पुढे ताणलेली, तर राग; त्या क्षणी हात आत घालू नका. लोंबत्या कानांच्या सशात हे ओळखणं अवघड जातं, तिथे कानाचा बुंधा कुठे वळतोय ते बघायचं.

मध्यरात्री मागचा पाय धप्प-धप्प आपटतो. काय झालं असेल?

धोक्याची घंटा. आपण पाळतो तो ससा मुळात स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीखाली बिळं खणून कळपाने राहणारा. वर कोणाला शिकारी दिसला की तो पाय आपटतो, आणि बिळातल्या सगळ्यांना ते जमिनीतून जाणवतं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याचा कळप म्हणजे तुम्ही. कारण खिडकीतलं मांजर असेल, कुकरची शिट्टी असेल, तुमच्या पँटला लागलेला दुसऱ्याच्या कुत्र्याचा वासही असेल. पुष्कळदा आपल्याला कारण सापडतच नाही. दिवा लावा, त्याच्याजवळ जमिनीवर बसा, नेहमीच्या आवाजात काहीबाही बोला. लपला असेल तर ओढून बाहेर काढू नका.

कधी-कधी हा नुसता निषेधही असतो. नखं कापून सोडलं की आमचा कापूस नावाचा ससा चार पावलं जाऊन एकदा पाय आपटायचा, मग पाठ करून बसायचा. पळताना मागचे पाय झटकून गेला, तर तोही अपमानच समजा.

दिवाळीचे फटाके आणि विसर्जनाचे ढोल-ताशे मात्र खरी भीती आहेत. 'ससेहोलपट' हा शब्द आपण माणसांसाठी वापरतो, पण तो आलाय शिकाऱ्यापुढे जीव घेऊन पळणाऱ्या सशावरून. अति घाबरल्याने सशाचं खाणं बंद होतं आणि आतडं मंदावतं. कधी जागच्या जागी जीवही जातो. त्या दिवसांत पिंजरा बाल्कनीतून सर्वांत आतल्या खोलीत आणा, दोन दारं कापलेलं पुठ्ठ्याचं खोकं द्या, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. दोन दारं यासाठी, की एकच दार असलेली जागा सशाला सापळा वाटते.

नाक सतत का हलतं?

वास घ्यायला. जितकं लक्ष जास्त तितका वेग जास्त. ससा डोळे उघडे ठेवूनही झोपतो, तेव्हा तो झोपलाय हे नाकावरूनच कळतं: हलणं अगदी मंदावतं किंवा थांबतं.

समोर धरलेली भाजी त्याला दिसत नाही. डोळे अधू आहेत का?

नाहीत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंनी आणि वरचंही दिसतं; पण नेमकं नाकासमोरचं दिसत नाही. तिथे तो मिशा, ओठ आणि वासावर काम भागवतो. म्हणून अचानक नाकासमोर आणलेल्या बोटाला तो दचकतो, कधी चावतोही. हात बाजूने, खालून न्या आणि कपाळावर ठेवा.

आपल्याकडे घरोघरी असतो तो पांढरा, लाल डोळ्यांचा ससा. त्याच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं, नजर थोडी कमजोर असते. तो बसल्या जागी डोकं डावी-उजवीकडे झुलवताना दिसतो, ते अंतराचा अंदाज घेणं असतं. त्याला प्रखर ऊन सोसत नाही. मात्र मान एका बाजूला वाकडी होऊन तशीच राहिली, तोल जायला लागला, तर तो कानाचा किंवा मेंदूचा आजार असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हवेत उडी मारून अंग पिळतो आणि डोकं झटकतो. फिट आली का?

आनंद झालाय. सशाप्रेमी याला 'बिंकी' म्हणतात. पहाटे आणि संध्याकाळी सशाला सर्वांत जास्त उत्साह असतो, तेव्हा बघायला मिळते. आधी खोलीभर सुसाट चकरा, मग मध्येच एक गिरकी. बिंकीला जागा लागते. दोन फुटी पिंजऱ्यात कोंडलेला ससा ती मारूच शकत नाही, आणि मग मालक म्हणतात आमचा ससा शांत आहे. रोज ३-४ तास तरी मोकळं सोडा. फरशी घसरडी असेल तर सतरंजी टाका. गुळगुळीत टाइल्सवर तो पाऊलच टाकायला घाबरतो.

कपाटाला, चपलांना, मला हनुवटी घासतो.

हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. त्याने तुमची नोंदणी करून घेतली. आपल्याला वास येत नाही, काही डाग पडत नाही.

पायांभोवती गोल फिरतो, घूं-घूं करतो, पायावर चढतो. प्रेम आहे का?

वयात आलाय. साधारण ४ ते ६ महिन्यांत हे सुरू होतं. लघवीची पिचकारी, जागोजागी विखुरलेल्या लेंड्या, काल लाडका असलेला ससा आज अंगावर येणं, हे सगळं त्यातच. "बिघडला" म्हणून लोक याच वयात ससे सोडून देतात, आणि पाळीव ससा बागेत सोडणं म्हणजे त्याला मांजरांच्या-कुत्र्यांच्या तोंडी देणं.

मादी वेगळं काही करते. तोंडात गवताच्या मिशा घेऊन फिरते, छातीचे केस उपटून घरटं करते. नर जवळपास नसेल तर हे खोटं गरोदरपण असतं आणि ते आपोआप ओसरतं. नर असेल तर मात्र खरं समजा. साधारण ३१ दिवसांत पिल्लं होतात. विकणाऱ्याने "दोन्ही माद्याच आहेत" असं छातीठोक सांगितलं होतं, अशी सुरुवात असलेल्या पिल्लांच्या कहाण्या मी इतक्या ऐकल्यात की आता हसू येतं. लहान सशाचं लिंग ओळखणं अवघड असतं, डॉक्टरांकडून बघून घ्या.

उपाय नसबंदी. मादीसाठी तो केवळ स्वभावाचा प्रश्न नाही, नसबंदी न झालेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो. सशांवर शस्त्रक्रिया करण्याचा अनुभव असलेलाच डॉक्टर शोधा. एक सोपी परीक्षा सांगते: "आदल्या रात्री उपाशी ठेवा" असं म्हणाले तर दुसरे डॉक्टर बघा. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरासारखं उपाशी ठेवायचं कारण नसतं. उलट रिकामं आतडं त्याला महागात पडतं.

पिंजरा साफ करायला हात घातला की घुर्र करून धावून येतो.

तुम्ही न विचारता त्याच्या घरात शिरलात. वरून येणारा हात त्याला झडप घालणाऱ्या घारीसारखा दिसतो, ते वेगळंच. तो बाहेर खेळत असताना सफाई करा, सगळं एकदम धुऊन चकाचक करू नका, थोडं त्याच्या वासाचं गवत तसंच ठेवा. मारू नका, ओरडू नका. ससा शिक्षेतून एवढंच शिकतो की हे माणूस धोकादायक आहे.

हलका चिमटा काढल्यासारखं चावणं वेगळं. "सरक", "पुरे", "इकडे बघ" यांपैकी काहीतरी त्याला म्हणायचं असतं. नाकाने ढुशी देणंही तसंच. पुढ्यात येऊन डोकं जमिनीला टेकवून थांबला, तर कपाळ चोळा. हुकूम आहे तो.

उचललं की धडपडतो. मुलांना तर मांडीवर घ्यायचाच असतो.

सशाच्या आयुष्यात जमीन सुटते ती शिकाऱ्याच्या तोंडात गेल्यावर. त्यामुळे बहुतेक सशांना उचललेलं आवडत नाही, आणि ते आवडत नाही म्हणून तुमच्यावर त्याचं प्रेम नाही असंही नाही. त्याची हाडं नाजूक आणि मागच्या पायांचे स्नायू जबरदस्त. हवेत जोरात लाथ मारली तर स्वतःचाच कणा मोडू शकतो. उचलणं भागच असेल तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि सशाचं अंग आपल्या पोटाशी घट्ट. कान धरून कधीही नाही, जुन्या चित्रांत कितीही दाखवलं असलं तरी.

आणि ते रील्समधलं 'संमोहन': सशाला उताणं धरलं की तो एकदम निश्चल होतो, खाली लिहिलेलं असतं 'किती शांत झोपलाय'. तो झोपलेला नसतो. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं पडून राहण्याची ती शेवटची युक्ती आहे. आतून तो घाबरलेला असतो. कौतुकासाठी हे करू नका.

मुलांना सांगा, तुम्ही जमिनीवर बसा, पुस्तक वाचा, शेजारी मेथीची दोन पानं ठेवा. पहिल्या दिवशी येणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पायाची बोटं हुंगून जाईल.

स्वतःची लेंडी खाताना पाहिलं. किळस आली.

खाऊ दे. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या. एक गोल, कोरड्या, गवताचा चुरा दाबल्यासारख्या, त्या खाली पडतात. दुसऱ्या मऊ, चकचकीत, बारक्या द्राक्षांच्या घोसासारख्या. त्या तो थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो. गाय रवंथ करते तसाच हा दुसरा घास, त्यातली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्याला लागतात. हे मऊ घोस खाली पडून चिकटायला लागले तर मात्र आहार चुकतोय.

बहुतेक वेळा चूक एकच: गवत कमी, बाकी लाड जास्त. रोजच्या खाण्यात ८० टक्क्यांच्या आसपास गवतच हवं. गाजर गोड असतं, खाऊ म्हणून एखादी चकती पुरे; गाजराचा पाला खुशाल द्या. पोळी, बिस्किटं, भिजवलेले हरभरे नकोत. लसूणघासात (म्हणजे अल्फाल्फाचा चारा, लसूण नव्हे) कॅल्शियम फार, तो पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज नको. दूर्वा उत्तम. गणपतीत आमच्याकडे दोन जुड्या जास्तच येतात. एक बाप्पाला, एक कापसाला. विकत आणलेला पाला धुऊन, आणि पावसाळ्यात बुरशी लागलेलं गवत सरळ फेकून.

लघवी लाल-नारिंगी दिसते. रक्त आहे का?

बहुधा नाही, खाण्यातल्या रंगद्रव्यांनी तसा रंग येतो आणि एक-दोन दिवसांत जातो. कुंथत असेल, थेंब-थेंब होत असेल किंवा लाल गाठी दिसत असतील, तर तपासून घ्या.

दात वाजवतो.

कुरवाळताना अगदी हलकं कटकट वाजणं म्हणजे मांजराचं गुरगुरणं समजा, सुख आहे. एकटा आखडून बसलाय आणि करकर दात खातोय, तर वेदना. आणि ससा किंचाळला, तर त्याला मरण समोर दिसलंय किंवा असह्य दुखतंय. तो आवाज लहान मुलाच्या किंकाळीसारखा असतो. मी एकदाच ऐकलाय.

चार्जर, सोफा, पडदे काही सोडत नाही.

त्याचे दात आयुष्यभर वाढतात, समोरचे तर आठवड्याला २-३ मिलिमीटर. कुरतडणं आणि उकरणं थांबवता येत नाही, वळवता येतं. वायरींवर प्लास्टिकची नळी चढवा. पुठ्ठ्याची खोकी, फवारणी न केलेल्या पेरूच्या फांद्या, माती भरलेली एक परात असं काही द्या. आमच्या सोफ्याचा एक पाय अजून ससा-नक्षीचा आहे.

एकटा कंटाळत असेल का? गिनी पिग आणू का?

कंटाळतो. पण गिनी पिग नको. दोघांची भाषा वेगळी, सशाच्या लाथेने त्याला इजा होते आणि सशाकडून श्वसनाचा संसर्गही जाऊ शकतो. जोडीदार ससाच हवा. नसबंदी झालेले नर-मादी सहसा चांगले जमतात. नराची शस्त्रक्रिया झाल्यावरही काही आठवडे तो पिता होऊ शकतो, तेवढे दिवस वेगळं ठेवा. नव्याला थेट जुन्याच्या पिंजऱ्यात सोडलंत तर फाडाफाड होते, हे अतिशयोक्तीने लिहीत नाहीये. आधी जाळीपलीकडे, मग दोघांनाही अनोळखी अशा खोलीत थोडा-थोडा वेळ. एकमेकांचं कपाळ चाटायला लागले की जमलं.

उन्हाळ्यात दिवसभर आडवा पडून असतो.

सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकतो ती कानांतून. तापमान ३० अंशांकडे गेलं की त्याला त्रास सुरू होतो, म्हणजे नागपूर-जळगावात अर्धा उन्हाळा धोक्याचाच. पसरून पडणं ठीक. कान तापलेले, श्वास जोरात, तोंडाभोवती ओलं, उठवलं तर उठत नाही, हा उष्माघात. कानांना साध्या गार पाण्याचा हात लावत डॉक्टरांकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. रोजच्यासाठी गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, ससा आपणहून टेकतो.

सकाळपासून खात नाही. उद्यापर्यंत वाट बघू का?

नाही. सशाचं आतडं सतत चालू लागतं. १०-१२ तास खाणं नाही आणि लेंड्या नाहीत, तर ती तातडीची वेळ. लेंड्या लहान होत जाणं, केसांनी एकमेकींना जोडून माळेसारख्या येणं, ही आधीची सूचना असते. घरातली उरलेली औषधं देऊ नका. तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाचा जीव घेऊ शकतं, आणि कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचं फिप्रोनिलही.

शेतात सशाचं पिल्लू सापडलं. पाळू का?

नको, तो वेगळा प्राणी आहे. आपल्या रानातला ससा बिळात राहत नाही. त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन जन्मतात. घरच्या सशाची जन्मतात उघडी-नागडी आणि आंधळी. रानातली आई पिल्लांना गवतात लपवून दूर राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते, म्हणजे ते पिल्लू बहुधा टाकलेलं नसतंच. जिथे होतं तिथे राहू द्या. रानससा पाळायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बंदीही आहे.

डॉक्टरांसमोर ससा एकदम ठणठणीत दिसतो. काय करू?

परक्या जागी तो दुखणं लपवतो, दुबळा दिसला की आधी उचलला जातो हे त्याच्या रक्तातच आहे. म्हणून घरीच मोबाइलवर व्हिडिओ घ्या: बसणं, श्वास, चालणं. शेवटचं कधी खाल्लं, शेवटची लेंडी कधी आणि केवढी, हे लिहून न्या. जमलं तर लेंड्या डबीत घालून न्या. जोडी असेल तर दोघांनाही सोबत न्या. एकटाच जाऊन आला तर त्याला दवाखान्याचा वास लागतो, आणि घरी थांबलेला त्याला ओळखत नाही, भांडण काढतो.